तीन कॉलेजांच्या लॅबमधली रिकामी मशिनं रात्री एकत्र वापरता येतील का?

रसायनवाली_पार्ले
रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच या विभागात लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पश्चिम उपनगरातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, सोबत पीएचडी चालू आहे (म्हणजे चालू आहे असं गाईडना सांगते). एका प्रोटीनच्या खाचेत कुठले रेणू नीट बसतात ते कॉम्प्युटरवर तपासायचं, डॉकिंग म्हणतात त्याला, त्यासाठी मी ऑटोडॉक व्हिना नावाचा प्रोग्राम वापरते. यादीत ५० हजार रेणू आहेत आणि माझ्या टेबलावरचं मशीन एका रेणूला साधारण ४ मिनिटं घेतं. हिशोब मांडला तर दिवसरात्र चालवूनही १३९ दिवस, तेही मधे लाईट गेली नाही आणि विंडोजने अपडेटच्या नावाखाली स्वतःला बंद करून घेतलं नाही तर. गेल्या महिन्यात दोनदा घेतलं.

आता आमच्या आयटीच्या लॅबमधे ४० मशिनं आहेत, संध्याकाळी साडेसहाला कुलूप लागतं ते थेट सकाळी निघतं. दादरच्या एका कॉलेजात माझी मैत्रीण आहे, तिच्याकडे ३५. ठाण्याला ओळखीचे एक सर आहेत त्यांच्याकडे ३० च्या आसपास. म्हणजे शंभरेक मशिनं रात्रभर झोपा काढतात आणि मी इकडे एका मशीनपुढे बसून टक्केवारी बघतेय.

तर ही तिन्ही कॉलेजं मिळून एकच मोठं मशीन असल्यासारखं वापरता येतं का? सुपरकॉम्प्युटरसारखं? त्या दोघांचीही कामं आहेत, मैत्रिणीला बायोइन्फॉर्मॅटिक्सचं काहीतरी चालवायचंय, सरांचं मटेरियलचं आहे. आमचे आयटीवाले म्हणाले "असं काही नसतं मॅडम". खरंच नसतं का?

---

कॉन्डॉरचा_कंडक्टर
सोमवार, सकाळी ८:१५ (गाडीत बसायला मिळालं म्हणून लिहितोय)

असतं की! आणि आजचं नाहीये, १९८८ पासून आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन मॅडिसन विद्यापीठात नेमका हाच प्रश्न पडला होता लोकांना, प्रोफेसर लोकांच्या टेबलावरची मशिनं रात्री रिकामी पडून आणि शेजारच्या डिपार्टमेंटचा पोरगा रांगेत उभा. त्यातून कॉन्डॉर निघालं, आता त्याला एचटीकॉन्डॉर म्हणतात. फुकट आहे, विंडोजवरही चालतं.

काम कसं करतं ते आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर वधूवर सूचक मंडळ. प्रत्येक मशीन आपला बायोडेटा मंडळाकडे देऊन ठेवतं, माझ्याकडे ४ कोअर, ८ जीबी मेमरी, रात्री ९ नंतर मोकळा, दिवसा कुणी कीबोर्डला हात लावला तर मी नाही. प्रत्येक जॉबही (म्हणजे करायचं एकेक काम) आपल्या अपेक्षा देतो, मला २ जीबी मेमरी हवी, विंडोज १० चालेल. मधे एक मध्यस्थ प्रोग्राम बसून दर थोड्या वेळाने पत्रिका जुळवत राहतो. गंमत म्हणून सांगत नाहीये, त्या बायोडेटाला त्यांच्याकडे खरोखर क्लासअ‍ॅड म्हणतात, पेपरातल्या छोट्या जाहिरातींवरून.

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे फ्लॉकिंग. प्रत्येक कॉलेजचं मंडळ वेगळंच ठेवायचं, आपल्याकडे स्थळ नसेल तर जॉब शेजारच्या मंडळात जातो. कुणी कुणाचा मालक नाही. ठाण्याच्या सरांना उद्या वाटलं नको हे, तर एक ओळ काढून टाकायची आणि बाहेर पडायचं, बाकी दोघांचं चालू राहतं.

पण "एकच मोठं मशीन" हे मात्र डोक्यातून काढा. शंभर वेगळी मशिनंच राहतात ती, फक्त कामवाटप एकत्र होतं. तुमच्या कामाला ते पुरतं कारण एका रेणूचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. शंभर मशिनं, रात्रीचे १० तास, ४ मिनिटाला एक, म्हणजे रात्रीत १५ हजार. चार रात्रीत यादी संपली. कागदावर. खरं सांगायचं तर आठवडा दोन आठवडे धरा.

अंधेरी आली, उतरतो.

---

मीटर_रीडर
सोमवार, सकाळी १०:०२

झालं, सगळे खूश. आता बिल कोण भरणार ते बोला.

एक डेस्कटॉप पूर्ण लोडवर चालला की १२० वॅट धरा (मॉनिटर बंद). १० तास म्हणजे १.२ युनिट. शंभर मशिनं म्हणजे रात्रीला १२० युनिट, युनिटला १२ रुपये धरले तर १४४० रुपये. चार रात्रीचे पावणेसहा हजार. रक्कम मोठी नाही हो, पण ती तीन मीटरवर पडते आणि काम तुमच्या एकटीचं. दादरच्या प्रिन्सिपलनी विचारलं की पार्ल्याच्या पीएचडीचं बिल आम्ही का भरायचं तर काय उत्तर देणार?

शिवाय एसी. शंभर मशिनं बंद खोलीत मे महिन्यात. मी एका कॉलेजात (नाव घेत नाही) पाच वर्षं मेंटेनन्स बघितलाय, तिथे रात्रभर मशिनं चालू ठेवली होती कसल्यातरी ऑनलाईन परीक्षेसाठी आणि एसी टायमरवर बंद झाला, सकाळी दार उघडलं तर भट्टी. तीन एसएमपीएस (मशिनातले वीज पुरवणारे डबे) गेले.

आणि हो, परवानगी लेखी घ्या, तोंडी "हो हो मॅडम करा" चालणार नाही. अमेरिकेत जॉर्जियातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटरवाल्यावर खटला झाला होता २००० च्या आसपास, कारण त्याने कॉलेजच्या मशिनांवर असाच रिकामा वेळ वापरणारा प्रोग्राम न विचारता टाकला होता. दंड भरून सुटला शेवटी, पण नोकरी गेली ती गेलीच.

---

टियर_टू
सोमवार, दुपारी १:३०

मीटर_रीडर यांचा मुद्दा चेष्टेवारी नेऊ नका, सगळ्या भानगडीचं मूळ तिथेच आहे. मी बरीच वर्षं ग्रिडच्या (ठिकठिकाणची केंद्रं जोडून काम वाटणाऱ्या व्यवस्थेच्या) साईटवर काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबेल.

जगातला या प्रकाराचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे सर्न या युरोपातल्या कणभौतिकी संस्थेच्या एलएचसीचं (कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राचं) ग्रिड. ४० हून जास्त देशांतली १७० च्या आसपास केंद्रं. जिनिव्हाला टियर शून्य, मग मोठी राष्ट्रीय केंद्रं टियर एक, मग विद्यापीठं आणि संशोधन संस्था टियर दोन. आपल्याकडे कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगासाठी टियर दोन आहे आणि कोलकात्याला व्हीईसीसी या संशोधन केंद्रात अ‍ॅलिससाठी. ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याचं जाहीर झालं त्याच्या मागची गणितं अशी जगभर वाटून झाली होती, एका इमारतीत एवढी मशिनं ठेवायला ना जागा ना वीज ना पैसे, आणि पैसे असते तरी प्रत्येक देशाचं सरकार म्हणतं की आमचा पैसा आमच्या देशात खर्च करा. हे शेवटचं कारण कुठल्या प्रेझेंटेशनमधे ठळक नसतं पण ते मोठं आहे.

आता बघा, या १७० जणांत महिन्याच्या महिन्याला कुणी कुणाला बिल पाठवत नाही. करार असतो, त्यात प्रत्येकाने लिहून द्यायचं की यंदा मी एवढी कोअर, एवढी डिस्क देणार, आणि साईट इतके टक्के वेळ चालू ठेवणार, टियर दोनला ९५ टक्के. मग कुणी किती दिलं, कुणी किती वापरलं ते दर महिन्याला सगळ्यांना दिसतं. लाज हीच वसुली. साईट पडली की रविवारी सकाळी पोहे खाताना तक्रारीचं तिकीट येतं, मी खाल्लेत असे पोहे.

थोडक्यात भिशी आहे ही. दर महिन्याला सगळे घालतात, पाळी आली की एक जण उचलतो. मॅडम, तुमची यादी आठ दिवसात संपेल, मग पुढचे दोन महिने तुमची मशिनं मैत्रिणीसाठी आणि सरांसाठी रात्री चालली पाहिजेत. यात प्रश्न वाईट हेतूचा नाही, विसरण्याचा आहे. आपलं काम झालं की कुणाच्या लक्षात राहतं लॅब चालू ठेवायचं? कॉन्डॉर यात मदत करतं, जो जास्त वापरतो त्याचा नंबर आपोआप मागे जातो आणि वापर थांबवला की हळूहळू पूर्वपदावर येतो, मुळात सेटिंग असं असतं की जुन्या वापराचं ओझं दिवसाला निम्मं होतं. तुमच्या कॉलेजांना हा अर्ध्याचा काळ दिवसाऐवजी महिना करून घ्या, नाहीतर परवाचं उपकाराचं खातं आज कोरं.

दुसरी गोष्ट, जॉबकडे डेटा न्यायचा की डेटाकडे जॉब. तुमचा डेटा किरकोळ आहे, रेणूची फाईल काही केबीची, ५० हजार मिळून दोन-तीनशे एमबी. कुठेही पाठवा. पण मैत्रिणीचं जीनोमचं काम असेल तर शेकडो जीबी असू शकतं, तेव्हा जॉबच डेटाच्या घरी जाऊ दे. जिनिव्हाहून डेटा आणताना आम्ही सुरवातीला काय खस्ता खाल्ल्या ते आठवतं, लाईन जाड असून स्पीड मिळेना. मुंबई ते जिनिव्हा जाऊन-येऊन १५० मिलिसेकंद धरा, आणि जुन्या सेटिंगमधे पलीकडून पोच येईपर्यंत फक्त ६४ केबी पाठवता यायचं. भागाकार करा, सेकंदाला साडेतीन मेगाबिट, मग तुमची लाईन १ गिगाबिटची असो नाहीतर १० ची. पाईप जाड, पण बादली चमचाएवढी. बफर, म्हणजे ती बादली, वाढवले, एकाच वेळी अनेक धारा सोडल्या, तेव्हा कुठे गाडी पळाली.

---

अर्धवट_इंजिनियर
सोमवार, दुपारी ३:१०

एक डाउट. मुंबईच्या पावसाचं मॉडेल पण असंच चालेल का मग? ते डब्ल्यूआरएफ नावाचं हवामानाचं? दरवर्षी पाणी तुंबल्यावर आम्ही कट्ट्यावर बोलतो की सगळ्या कॉलेजांची मशिनं जोडून वॉर्डनिहाय पाऊस काढू.

आणि डेटाचं म्हणाल तर सरळ लोकलने न्या ना. ४ टीबीची डिस्क बॅगेत टाकून पार्ले ते चर्चगेट ४० मिनिटं, म्हणजे सेकंदाला १३ गिगाबिट, आहे का कुणाची लाईन एवढी 😂

---

कॉन्डॉरचा_कंडक्टर
सोमवार, संध्याकाळी ७:४५

लोकलचं गणित बरोबर आहे पण डिस्कवर कॉपी करायला लागणारे नऊ तास कोण धरणार भावा? आणि विरार फास्टमधे चुकून शिरलास तर डेटा वसईला.

पावसाचं नाही चालणार, आणि का ते कळलं तर हा सगळा विषयच कळेल. पावसाच्या मॉडेलमधे नकाशाचे चौकोन पाडतात आणि एकेका मशीनला काही चौकोन देतात. दादरच्या चौकोनातली हवा पुढच्या क्षणी माहीमच्या चौकोनात जाते, त्यामुळे प्रत्येक पावलाला सगळ्यांनी थांबून शेजाऱ्याला विचारायचं, तुझ्याकडे काय झालं? असं हजारो वेळा. सुपरकॉम्प्युटरच्या आत हा निरोप एक-दोन मायक्रोसेकंदात जातो, त्यासाठीच ते महागडं इन्फिनीबँड नेटवर्क असतं. दोन कॉलेजांत इंटरनेटवरून जायला काही मिलिसेकंद, म्हणजे हजारपट वेळ. मशिनं कामापेक्षा निरोपाची वाट बघण्यातच रात्र काढतील. आणि शंभरातलं एक बंद पडलं की नव्व्याण्णव तोंडात बोट घालून उभी.

मॅडमचं काम म्हणजे पेपर तपासणी. गठ्ठे वाटले, ज्याने त्याने घरी बसून तपासले, मार्क आणून दिले. पावसाचं काम म्हणजे लेझीम. एकाचा ठेका चुकला की सगळी रांग विस्कटते.

ठाण्याच्या सरांचं मटेरियलचं काम कशात बसतं ते आधी विचारा. एकच मोठं सिम्युलेशन असेल तर ते इथे नकोच, त्याला नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनचं मशीन बघा. ते मिशन २०१५ ला सुरू झालं, ४५०० कोटींचं. पुण्याला आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म आहे, आणि २०२४ च्या सप्टेंबरमधे परम रुद्र नावाची तीन मशिनं सुरू झाली, त्यातलं एक आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी. यातल्या बऱ्याच मशिनांवर बाहेरच्या संस्थांसाठी थोडा वाटा असतो, अर्ज करायचा, वाट बघायची.

---

पंचकार्ड_आजोबा
सोमवार, रात्री ९:३०

तुमची चर्चा नातवाने दाखवली. दोन शब्द लिहितो, टायपिंग हळू आहे.

आज तुम्हाला तीन कॉलेजांची मशिनं एकत्र करायची आहेत, आमच्या वेळी उलट होतं, मशीन एकच आणि कॉलेजं शंभर. १९६४ साली टीआयएफआरमधे सीडीसी ३६०० नावाचा संगणक आला, अमेरिकन, मेमरी ३२ हजार शब्दांची. आज तुमच्या हातातल्या घड्याळात जास्त असेल. देशभरातल्या विद्यापीठांची कामं त्याच्यावर व्हायची, पोस्टाने कार्डांचे गठ्ठे यायचे (प्रोग्राम तेव्हा कार्डांवर भोकं पाडून लिहायचे, एका ओळीचं एक कार्ड). मी एमएस्सी झाल्यावर एका सरांच्या हाताखाली काम करायचो, तेव्हा चर्चगेटला उतरून बसने नेव्ही नगरला जायचं, खिडकीवर कार्डांचा खोका द्यायचा आणि उद्या या म्हणायचे. उद्या गेलं की हातात मोठा रुंद कागद, आणि वर लिहिलेलं असायचं की अमुक ओळीत स्वल्पविराम चुकला. म्हणजे एका स्वल्पविरामाला एक दिवस आणि जाण्या-येण्याचं भाडं.

एका पावसाळ्यात बसमधून उतरताना माझ्या खोक्याचा रबरबँड तुटला आणि सुमारे चारशे कार्डं नेव्ही नगरच्या रस्त्यावर पडली. भिजलेलं कार्ड मशीनमधे अडकतं. एक नौदलाचे गृहस्थ होते त्यांनी छत्री धरली आणि मी गोळा केली. सुदैवाने आमच्या सरांची एक सवय होती, गठ्ठा लावला की त्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ मारायची. रेघ पुन्हा सरळ जुळली म्हणजे क्रम बरोबर. फोरट्रान या भाषेच्या कार्डात ७३ ते ८० हे रकाने क्रमांकासाठीच मोकळे असायचे पण आळसाने आम्ही ते पंच करत नसू.

रसायनवाली मॅडम, पन्नास हजार निकाल तीन गावांहून येतील तेव्हा तुमची तिरकी रेघ कुठली, ते आधी ठरवा. एवढंच सांगायचं होतं.

---

रसायनवाली_पार्ले
सोमवार, रात्री ११:५५

आजोबा, तुमची पोस्ट दोनदा वाचली, आणि मग झोपच गेली कारण तिरकी रेघ माझ्याकडे नाहीच आहे. सध्या फाईलची नावं १ ते ५०००० आणि निकाल एका फोल्डरमधे, बस्स. एखादं मशीन चुकीचे आकडे देत असेल तर कळणार कसं?

बाकी सगळ्यांचे आभार. सरांना विचारलं, त्यांचं काम लेझीम आहे 😀 त्यांना पुण्याचा अर्ज करायला सांगितलं. पण मशिनं द्यायला तयार आहेत म्हणाले, पुढेमागे छोटी कामं निघतील.

---

टियर_टू
मंगळवार, सकाळी ७:२०

आजोबांनी नेमकं बोट ठेवलं. घरोघरच्या कॉम्प्युटरवर चालणारे जे प्रकल्प होते त्यांना हाच त्रास सगळ्यात जास्त. सेटी अ‍ॅट होम आठवत असेल, १९९९ ला सुरू झालं, स्क्रीनसेव्हर लावून लोक परग्रहावरचे सिग्नल शोधायचे, ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवीन काम वाटणं थांबवलं. त्यांच्यातूनच बॉइंक नावाची व्यवस्था निघाली. अनोळखी माणसाचं मशीन, त्याने प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवला) असेल, मेमरी खराब असेल, काही महाभाग तर आपला नंबर वर यावा म्हणून खोटे निकाल पाठवायचे. म्हणून एकच तुकडा दोन वेगळ्या माणसांना द्यायचा, उत्तरं जुळली तरच मान्य, नाही जुळली तर तिसऱ्याला. निम्मी ताकद नुसत्या खातरजमेत जाते. तरी लोक तुटून पडतात, २०२० च्या लॉकडाऊनमधे कोरोनाच्या प्रोटीनसाठी फोल्डिंग अ‍ॅट होमला इतकी मशिनं मिळाली की त्यांची एकूण ताकद एक्साफ्लॉपच्या (सेकंदाला अब्ज गुणिले अब्ज गणितं) वर गेली, तेव्हा जगातला कुठलाही सुपरकॉम्प्युटर तिथे पोचला नव्हता.

तुमची मशिनं ओळखीची आहेत, सगळं दोनदा करायची गरज नाही. ५० रेणू निवडा, ते प्रत्येक मशीनवर आधी चालवा, व्हिनाचं एकच व्हर्जन आणि सीड (रँडम आकडे कुठून सुरू करायचे तो नंबर) ठरवून दिलेलं, नाहीतर दर वेळी उत्तर थोडं हलेल आणि तुम्ही मशीनला दोष द्याल. ज्याचे आकडे बाकीच्यांपासून लांब, ते मशीन बाजूला. आणि प्रत्येक निकालाच्या फाईलमधे कुठल्या मशीनवर, किती वाजता, कुठलं व्हर्जन, हे लिहून ठेवा. नंतर एका मशीनची मेमरी सडकी निघाली तर तेवढेच निकाल परत करता येतात. ही तुमची पेन्सिलीची रेघ.

---

कॉन्डॉरचा_कंडक्टर
मंगळवार, सकाळी ८:२०

अजून एक, एका रेणूचा एक जॉब करू नका. चार मिनिटाच्या कामासाठी पत्रिका जुळवा, फाईल पाठवा, निकाल आणा, त्यातच जीव जातो. १० रेणूंचा एक गठ्ठा करा, म्हणजे ५ हजार जॉब. शंभराचा पण नको, मधेच मशीन बंद पडलं तर सहा-सात तासांचं काम पाण्यात.

आणि लॅबच्या मशिनांवर ते रिबूट झालं की सगळं पुसून पहिल्यासारखं करणारं सॉफ्टवेअर आहे का बघा, पोरांनी गेम टाकू नयेत म्हणून बहुतेक ठिकाणी असतं. असेल तर कॉन्डॉर टाकाल, सकाळी गायब! आयटीवाल्यांना सांगून एक फोल्डर त्यातून वगळून घ्या.

---

रसायनवाली_पार्ले
तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:१०

मंडळी, रिपोर्ट देते.

लेखी परवानगीला अकरा दिवस गेले. तिन्ही प्रिन्सिपलना एक पानी पत्र दिलं, त्यात मीटर_रीडर यांचा हिशोब जसाच्या तसा टाकला आणि शेवटी ओळ टाकली की वर्षाअखेर तिन्ही कॉलेजांचा दिलेला आणि वापरलेला वेळ सारखा नसेल तर ज्याने जास्त वापरला त्याने पुढच्या वर्षी आधी द्यायचा. दादरच्या प्रिन्सिपल बाई वाचून म्हणाल्या "अहो ही तर भिशी". मी म्हटलं हो मॅडम, भिशीच. सही केली.

कॉन्डॉर आमच्या आयटीच्या मुलानेच बसवलं, तोच तो "असं काही नसतं" वाला. पुसणारं सॉफ्टवेअर होतंच, पहिल्या दिवशी १२ मशिनांवर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकावरही नव्हतं. त्याचा चेहरा बघायला हवा होता.

मग पहिली खरी रात्र. नऊला जॉब सोडले, घरी जाऊन मोबाईलवर बघत बसले, १२ च्या १२ चालू. दहा वाजून दहा मिनिटांनी ११ मशिनं एकदम गायब. मला वाटलं नेटवर्क. सकाळी कळलं की आमचे शिपाईमामा रोज रात्री राउंडला येतात आणि प्रत्येक लॅबचा मेन स्विच खाली ओढतात, गेली बावीस वर्षं ओढतायत, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. प्रिन्सिपलची सही घेतली, रजिस्ट्रारची घेतली, मामांना विचारायचं राहिलं. बारावं मशीन का वाचलं तर ते कोपऱ्यातलं शिक्षकांचं, वेगळ्या लाईनवर.

बरं, नुकसान काहीच नाही. तुटलेले गठ्ठे आपोआप परत रांगेत जाऊन बसले होते, दुसऱ्या रात्री पुन्हा निघाले. लॅबची मशिनं जुनी आहेत, एका रेणूला ६ मिनिटं घेतात, तरी १२ मशिनांवर नऊ तासात १०१२ झाले. मी एकाच ठिकाणी बसून केलं असतं तर तीन दिवस. ५० रेणूंची परीक्षा घेतली तेव्हा २७ नंबरच्या मशीनचे आकडे सगळ्यांपासून वेगळे आले, मेमरी तपासली तर खरंच खराब. ते मशीन गेले वर्षभर पोरं म्हणतायत हँग होतं म्हणून.

मामांना लॅबमधे बोलावून सगळं दाखवलं, की हे असं औषधासाठी चालतं रात्री. त्यांनी दोन प्रश्न विचारले, एसी चालू ठेवायचा का, आणि कुठल्या आजारावर. मग स्वतःच खडूने स्विचच्या वरच्या भिंतीवर लिहिलं, "बंद करू नये. आत औषध शोधणे चालू आहे."

आता दादर जोडलंय, कालपासून ३१ मशिनं तिथली दिसतायत. ठाणं मात्र अडलंय, त्यांच्या फायरवॉलमधून बाहेरून आत कनेक्शन येत नाही आणि तिथले नेटवर्कवाले पोर्ट उघडायला तयार नाहीत. काय करता येईल?

---

कॉन्डॉरचा_कंडक्टर
शनिवार, संध्याकाळी ६:०५

पोर्ट उघडायची गरजच नाही. तुमच्याकडच्या मुख्य मशीनवर सीसीबी (कॉन्डॉरचाच निरोप्या) चालू करा, मग ठाण्याची मशिनं आतून बाहेर फोन लावून लाईन धरून ठेवतात, त्या लाईनवर निरोप आला की तीच उलट तुम्हाला जोडणी करतात आणि जॉब त्या जोडणीवरून जातो. फक्त तुमच्या मुख्य मशीनचा ९६१८ पोर्ट बाहेरून दिसायला हवा, तो तरी तुमचा तो पोरगा उघडेल ना? सेटिंगच्या ओळी आज रात्री जेवून टाकतो इथे.

---

मीटर_रीडर
शनिवार, संध्याकाळी ६:४०

एसीचं काय ठरलं ते लिहिलं नाहीत.

---

रसायनवाली_पार्ले
शनिवार, संध्याकाळी ७:१५

२६ वर, टायमर काढून. आणि मामा रात्री एक चक्कर मारून हात लावून बघतात 🙂